‘विचारपूस’मधला ‘पूस’ कुठला?

आजारी माणसाला भेटायला गेलो की आपण त्याची विचारपूस करतो. त्यातला ‘विचार’ कळतो. ‘पूस’ म्हणजे काय? फडक्यानं पुसण्याचा इथे काय संबंध?

हा प्रश्न मला अण्णांनी घातला. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी नुकतीच प्रुफं तपासायला लागले होते आणि अण्णा तिथले सगळ्यात जुने मुद्रितशोधक. शिशाचे खिळे गेले, ते जुळवणारे जुळारी गेले, कॉम्प्युटर आले, तरी अण्णा खिडकीजवळच्या त्याच टेबलावर होते. समोर लाल पेन, अडकित्ता, सुपारीची डबी आणि रद्द प्रुफांच्या कोऱ्या पाठी फाडून केलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

“काय गं, एम. ए. मराठी ना तू? सांग.”

मी ऐटीत सांगितलं, “जोडशब्द आहे, अण्णा. कागदबिगद असतं ना, तसा.”

“‘बिगद’ला अर्थ नसतो. ‘पूस’ला आहे. विचारण्याला हिंदीत काय म्हणतात?”

“पूछना.”

“झालं तर मग,” म्हणाले आणि पुन्हा प्रुफात डोकं घातलं.

काय झालं ते मला दुपारपर्यंत कळेना. मग एक चिठ्ठी माझ्या टेबलावर येऊन पडली. तिच्यावर एकाखाली एक हिंदी शब्द होते: मछली, बछड़ा, कछुआ, छुरी, छाँव. खाली एकच ओळ: ‘समोर मराठी लिही. आणि मग बघ.’

मी लिहिलं. मासळी, वासरू, कासव, सुरी, सावली.

तुम्हीही एकदा ते दोन स्तंभ शेजारी शेजारी वाचून पाहा. हिंदीत जिथे ‘छ’ आहे, तिथे मराठीत ‘स’ आहे. दरवेळी. मग ‘पूछना’च्या जागी मराठीत काय असायला हवं? ‘पुसणे’. म्हणजे विचारणे. जुन्या मराठीत हा शब्द सर्रास होता. बोलण्यातून तो बहुतेक गेला, पण ‘विचारपूस’मध्ये ‘विचार’चा हात धरून तेवढा टिकून राहिला. जोडशब्दाचे दोन्ही भाग एकाच अर्थाचे, एक चालता, एक थकलेला.

फडक्यानं पुसणारा ‘पुसणे’ वेगळा. हिंदीत त्याला ‘पोंछना’ म्हणतात. संस्कृतात एक प्रच्छ् हा धातू, ज्याचं ‘पृच्छति’ होतं, आणि दुसरा प्रोञ्छ्. दोन स्वतंत्र धातू, पण मराठीनं दोघांच्याही ‘छ’चा ‘स’ केला आणि ते एकाच साच्यात येऊन बसले. त्यामुळे ‘त्यानं नाव पुसलं’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: त्यानं नाव विचारलं किंवा त्यानं नाव मिटवलं. हे समजलं त्या दिवशी मी दुपारचा चहा घ्यायची विसरले, यापेक्षा मोठं काही सांगता येणार नाही.

आता इथे एक गैरसमज आधीच दूर करते. मासळी हा शब्द ‘मछली’वरून आलेला नाही. हिंदी ही मराठीची आई नाही, बहीण आहे. दोघींच्या घराण्यात मागे संस्कृतातला ‘मत्स्य’ आहे, त्यानंतर प्राकृतातला ‘मच्छ’ आहे. तो ‘च्छ’ हिंदीनं सांभाळला, मराठीनं ‘स’ करून टाकला. पुढे इ किंवा ए असेल तर ‘श’ होतो, म्हणून ‘छगण’चं ‘शेण’ झालं आणि ‘क्षेत्र’चं, मधल्या ‘छेत्त’वरून, ‘शेत’. हिंदीतला ‘खेत’ दुसऱ्या वाटेनं गेला, कारण संस्कृत ‘क्ष’चे प्राकृतात दोन वंश झाले, काही ठिकाणी ‘छ’ आणि काही ठिकाणी ‘ख’. आपल्याकडेही रक्ष् पासून ‘राखणे’ आलंच आहे. मग मराठीत ‘छत्र’, ‘छंद’ कसे? ते बोलीतून झिजत आलेले नाहीत, पोथीतून सरळ उचललेले आहेत. ‘छोटा’ हिंदीतून आला. नियम मोडणारा शब्द दिसला की तो कुठल्या दारानं घरात शिरला हे आधी बघायचं.

शाळेत तत्सम आणि तद्भव शिकवतात ते हेच. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला तो तत्सम, बदलत बदलत आलेला तो तद्भव. पण शाळेत ते दोन मार्कांपुरतं येतं आणि त्यातली खरी गंमत तिथेच मरते. गंमत अशी की कित्येकदा एकच शब्द आपल्या घरात दोनदा आला आहे. एकदा हजार-दीड हजार वर्षं पायी चालत, आणि एकदा ग्रंथांतून, सोवळ्यात.

संस्कृत ‘भक्त’चा मूळ अर्थ वाटून दिलेला. वाटून दिलेलं अन्न, म्हणून शिजवलेला तांदूळ. प्राकृतात त्याचा ‘भत्त’ झाला आणि मराठीत ‘भात’. पुढे देवाचा भक्त पुन्हा संस्कृतातून जसाच्या तसा घेतला. ‘क्षण’ला संस्कृतात उत्सव असाही अर्थ होता, तो चालत आला आणि प्राकृत ‘छण’वरून आपला ‘सण’ झाला. घड्याळातला क्षण मागाहून पोथीतून आला. ‘यंत्र’चं झालं ‘जातं’, शब्दाच्या सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ होतो तसा. आजीच्या कोपऱ्यातलं ते दगडी जातं म्हणजे घरातलं यंत्रच की.

यात एक हिशेब आहे, तो एकदा समजला की निम्मी व्युत्पत्ती हातात येते. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात सारखं होतं: हस्त–हत्थ, सप्त–सत्त, कर्ण–कण्ण, कर्म–कम्म, दुग्ध–दुद्ध. वेगवेगळी दोन व्यंजनं जोडून म्हणण्यापेक्षा एकच दुप्पट म्हणणं जिभेला सोपं. पुढे मराठीत ती दुप्पटही गेली, एकच व्यंजन उरलं. पण गेलेलं वजन वाया गेलं नाही, ते आधीच्या स्वरावर पडलं आणि तो लांबला. हात, सात, कान, काम, दूध. अण्णा म्हणायचे, “तराजू आहे तो. एका पारड्यातलं काढलंस तर दुसऱ्यात टाकावं लागतं.” शिवाय शेवटचा ‘ह’कार मराठी बरेचदा सोडून देते. हिंदी हाथ, आपला हात. हिंदी भूख, आपली भूक. हिंदी सीखना, आपलं शिकणं.

हे सगळं मला एका दिवसात कळलं असं अजिबात नाही. मधे मी एक चांगलीच माती खाल्ली.

एका दिवाळी अंकाच्या कोपऱ्यात जागा उरली होती, चौकट भरायला कुणीतरी हवं होतं. मी ‘माजघर’ या शब्दावर दीडशे शब्द लिहून दिले. जुन्या घरात ओटी पुरुषांची, पडवी येणाऱ्या-जाणाऱ्यांची. बाईला आपली म्हणावी अशी एकच खोली, म्हणून ती तिचं ‘माझं घर’, आणि त्याचंच पुढे ‘माजघर’ झालं. वाचकांची पत्रं आली. एका बाईंनी वाचून डोळ्यांत पाणी आल्याचं कळवलं. मी तरंगत होते.

अण्णांनी चौकट वाचली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी:

संध्या → ?
मध्य → ?

संध्या मला येत होतं: प्राकृतात ‘संझा’, मराठीत ‘सांज’. तर मग ‘मध्य’चं ‘मज्झ’ आणि पुढे ‘माज’. माजघर म्हणजे मधलं घर. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, मधे माजघर. पाणी आलेल्या त्या बाईंचा पत्ता माझ्याकडे होता, पण पत्र लिहायचं धाडस काही झालं नाही.

“अण्णा, छापायच्या आधी सांगायचंत ना.”

“छापायच्या आधी तू विचारलंस?” सुपारीचं खांड दाताखाली गेलं. “हे बघ, गोष्ट एका शब्दापुरती असते. नियम सगळ्या आळीला लागतो. ‘माझं’चं ‘माज’ होत असेल तर ‘तुझं’चं ‘तुज’ होऊन तुजघर कुठे आहे ते दाखव.”

शब्दाच्या रूपाला साजेशी गोष्ट मागाहून रचायची, याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. फोनवर रोज एक तरी येते. ती ओळखायची माझी खूण साधी आहे: फार गोड असेल, तिच्यात एखादा राजा, एखादा साहेब किंवा एखादी दुःखी बाई असेल, आणि नेमक्या त्याच शब्दाला ती लागू पडत असेल, तर हात आखडता घ्यावा. खऱ्या व्युत्पत्तीत बहुधा माणसं नसतात. ओठ, जीभ आणि आळस एवढंच असतं.

ओठांवरून आठवलं. एकदा एका पुस्तकाचं मुखपृष्ठ आणायला आम्ही कसबा पेठेतून चाललो होतो. तांबट आळीत हातोडीचा ठोका अजून ऐकू येतो, तिथे अण्णा थांबले. “ताम्र म्हण. हळू.” मी म्हटलं. “अजून हळू. ‘म’ म्हणताना ओठ कसे?” मिटलेले. “‘र’ला?” उघडे. “आणि उघडताना नाकातला आवाज जरा आधी थांबला तर?” भर रस्त्यात, एका हंड्यावर पडणाऱ्या ठोक्यांच्या तालावर मी ताम्-र, ताम्-र म्हणत उभी, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी मधे एक ‘ब’ आपोआप फुटला. ताम्ब्र. त्यावरून तंब, तांबं. ‘आम्र’चा आंबा याच वाटेनं झाला. दुकानातला माणूस आमच्याकडे बघत होता. अण्णांनी त्याला नमस्कार केला आणि पुढे निघाले.

तिथून फडके हौदाकडे येईपर्यंत कारागीर मोजून झाले. कुंभकार–कुंभार, लोहकार–लोहार, सुवर्णकार–सोनार, चर्मकार–चांभार, कांस्यकार–कासार. दोन स्वरांमधला एकटा ‘क’ प्राकृतात टिकत नाही, तो गळून पडतो आणि ‘कार’चा ‘आर’ उरतो. देवकुलातला ‘क’ गळाला की देऊळ, राजकुलातला गळाला की राऊळ. हा भ्रष्टपणा म्हणावा, तर आपण रोज ‘नाही आहे’चं ‘नाहीये’ करतो ते काय आहे? आजचा आळस हे उद्याचं व्याकरण.

सगळंच संस्कृतातून आलं असंही नाही, आणि हे पुण्यात जरा मोठ्यानं सांगावं लागतं. पोट आणि चिखल घ्या. प्राकृतात ‘पोट्ट’ आणि ‘चिक्खल्ल’ आहेत, त्यांच्या मागे संस्कृत सापडत नाही. अशा शब्दांना देशी म्हणतात, आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानं त्यांचा स्वतंत्र कोशच केला. तूप कन्नडातही ‘तुप्प’ आहे. हिंदीतलं ‘घी’ मात्र ‘घृत’चं. ज्या अडकित्त्यानं अण्णा सुपारी कातरायचे त्यातही कन्नड ‘अडके’ आहे, म्हणजे सुपारी. खुद्द ‘अण्णा’ हाही कन्नडातला थोरला भाऊ. तूपभात वाढला की पानात दोन घराणी शेजारी बसतात.

पेठांतल्या दारांवरच्या पाट्या वाचत गेलं तर फारसी भेटते. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्यापत्रं लिहिणारे ते चिटणीस, फारसी लिहिणारे ते पारसनीस. पेशवा हाही शब्द फारसीच, ‘पेश’ म्हणजे पुढे, पुढे असणारा तो पेशवा. तो राहायचा त्या वाड्यातला ‘वाडा’ मात्र संस्कृत ‘वाटक’चा. आणि वाड्याच्या दाराची बिजागरी, पाण्याचं पिंप, गवंड्याचं घमेलं, नोकरांचा पगार, हे सगळे पोर्तुगीज. बटाटा आणि पाव तर आहेतच. वडापावमधला ‘वडा’ तेवढा आपला.

आपण जे बोलतो ते किती जुनं? राजस्थानातल्या जालोरला उद्द्योतनसूरी नावाच्या जैन आचार्यांनी इ. स. ७७९ च्या सुमारास एक प्राकृत कथा लिहिली. तिच्यातल्या बाजारात निरनिराळ्या प्रदेशांचे व्यापारी येतात आणि प्रत्येकाची बोलण्याची लकब लेखक टिपतो. मरहट्टे काय म्हणतात? ‘दिण्णले, गहिल्ले’. दिले, घेतले. साडेबाराशे वर्षांपूर्वी परक्या माणसाच्या कानाला मराठीचा जो ‘ल’ खटकला तो आजही लक्ष्मी रोडवर तसाच ऐकू येतो. साधारण त्याच काळात, ७५८ आणि ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्याच्या परिसराला ‘पुण्य विषय’, ‘पूणक विषय’ म्हटलं आहे. विषय म्हणजे तेव्हा जिल्ह्यासारखा विभाग. पुणं हा विषय आहे, असं एकदा मी अण्णांना म्हटलं. “आणि न संपणारा,” ते म्हणाले.

अण्णांकडे कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश होता, बांधणी सुटलेला, सुतळीनं बांधलेला. मी तो उघडून वाक्य उतरवायला लागले की ते हात ठेवायचे. “कोश न्यायाधीश नव्हे, साक्षीदार आहे. उलटतपासणी घे.” म्हणजे काय करायचं तेही ठरलेलं. बहिणींकडे हा शब्द कसा आहे? हिंदी, गुजराती, कोकणी. तोच आवाज असलेले आपले बाकीचे शब्द तसेच बदलले का? आणि अर्थ इथून तिथे कसा गेला, याची मधली एखादी पायरी जुन्या मजकुरात सापडते का? तिन्ही जुळलं तर चिठ्ठीवर बरोबरची खूण. दोन जुळलं तर चिठ्ठी डब्यात. उत्तर त्यांनी मला फारसं दिलंच नाही. कधीकधी संताप यायचा. त्यांना विचारून मिळालेले शब्द मात्र मी विसरून गेले आहे, आणि दोन-दोन आठवडे शोधलेले अजून पाठ आहेत.

चिठ्ठ्यांचं वेड त्यांना कुठून लागलं ते येरवड्याला गेल्यावर समजलं. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतचा ऐतिहासिक शब्दकोश करायला घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे, प्रत्येक शब्दाचा वापर संदर्भासह एका चिठ्ठीवर उतरवायचा, मग काळाच्या क्रमानं लावायचं. चिठ्ठ्या झाल्या एक कोटीच्या आसपास. तीसहून जास्त खंड छापून झाले आणि कोश अजून ‘अ’वर आहे. मी हसले. अण्णा हसले नाहीत. एका खणातल्या चिठ्ठीवरचं जुन्या वळणाचं अक्षर ते बराच वेळ बघत राहिले. लिहिणाऱ्याला ठाऊक असणार की आपण काही ‘ह’ बघणार नाही, आणि तरी त्यानं अनुस्वार नीट दिला होता.

आता अण्णा घरीच असतात, मी दुसरीकडे संपादन करते. मागच्या महिन्यात कशासाठी तरी प्राकृत सर्वनामांचा तक्ता बघत होते. ‘मी’ची रूपं. षष्ठीत, म्हणजे ‘माझं’च्या जागी, लिहिलं होतं ‘मज्झ’. मी दोनदा वाचलं. मध्य म्हणजेही मज्झ, माझं म्हणजेही मज्झ. एक ‘मध्य’वरून, दुसरं ‘मह्यम्’वरून; ‘गुह्य’चं जसं ‘गुज्झ’ आणि मग ‘गूज’ झालं, तसा ‘ह्य’चा ‘ज्झ’. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एका मुक्कामावर एकाच नावानं उतरले होते. माझी ती चौकट चूकच होती. पण माजघर आणि माझं घर एके काळी उच्चाराला सारखेच होते, इतपत तरी खरं निघालं.

मी अण्णांना फोन लावला, एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून आधी अडकित्त्याचा कट् आवाज आला.

“मला ठाऊक होतं.”

“मग तेव्हा का नाही बोललात? पंचवीस वर्षं मी त्या चौकटीची लाज बाळगते आहे.”

“बरी आहे लाज. प्रुफं चांगली बघतेस त्यानं.” जरा थांबले. “माझा झाला. आता तुझा बघ. ‘तुभ्यम्’वरून ‘तुझा’ कसा येईल?”

बसले पाहायला. ‘भ्य’चा ‘झ’ होतच नाही. ‘अभ्यंतर’चं प्राकृतात ‘अब्भंतर’ होतं, तसं ‘तुभ्यम्’चं ‘तुब्भ’ व्हायला हवं, आणि मराठीत ‘तुभा’ की काय तसलं काहीतरी. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग त्याच तक्त्यात, शेजारच्या रकान्यात, ‘तुज्झ’ दिसलं. आवाजाच्या नियमानं तो ‘झ’ आलेलाच नव्हता. मज्झ–तुज्झ, मज्झ–तुज्झ, अशी जोडीनं बोलायची सवय, आणि त्या सवयीनं ‘तुझा’नं ‘माझा’चा ‘झ’ उचलला होता. संगतीनं.

लगेच फोन लावला. एंगेज लागला.